अंतःकरणाचे काठिण्य

ख्रिस्ती मंडळीत कठीण अंतःकरणाविषयी उपदेश होऊ लागला, की ऐकणारांच्या डोळ्यांपुढे बहुधा मिसर देशाचा फारो उभा राहतो, आणि तो एकदा उभा राहिला म्हणजे ऐकणारा मनातल्या मनात निश्चिंत होतो. कारण फारो परका, फारो जुलमी, फारो मूर्तिपूजक, आणि मुख्य म्हणजे त्याच्या खटल्याचा निकाल तांबड्या समुद्राच्या काठी केव्हाच लागून गेलेला. उपदेशकालाही हे उदाहरण सोयीचे असते, कारण त्याने बाकावर बसलेल्या कोणाचीही मर्जी बिघडत नाही. परंतु ज्याने मार्काचे शुभवर्तमान घाई न करता वाचले आहे, त्याला ही निश्चिंती फार काळ टिकवता येणार नाही. शब्बाथ दिवशी सभास्थानात, वाळलेल्या हाताचा मनुष्य समोर उभा असताना, येशूच्या साध्या प्रश्नावर मूग गिळून बसलेल्या मंडळींवर मार्काने हा दोषारोप ठेवला आहे हे खरे; पण तेवढ्यावर तो थांबलेला नाही. पुढे दोन वेळा त्याने हाच आरोप येशूच्या खास बारा शिष्यांवर केला आहे, आणि दोन्ही वेळा प्रसंग भाकरींचा आहे.

पाच हजारांच्या पंगतीत ज्यांनी स्वतःच्या हातांनी भाकरी वाढल्या आणि उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरून घेतल्या, तेच शिष्य त्याच रात्री सरोवरावर उलट्या वाऱ्यात सापडतात, पाण्यावरून चालत येणाऱ्या येशूला पाहून भूत आले म्हणून ओरडतात, आणि सुवार्तिक शांतपणे नोंद करतो की त्यांना भाकरींचे मर्म कळलेच नव्हते, त्यांची मने कठीण झाली होती. दुसऱ्या खेपेस, चार हजारांना जेवू घातल्यानंतर, मचव्यात एकच भाकरी शिल्लक आहे म्हणून तेच बारा जण आपसांत कुजबुजू लागतात, आणि येशू त्यांना टोपल्यांचा हिशेब विचारतो. त्या वेळी किती भरल्या होत्या? या वेळी किती? शिष्यांचा हिशेब चोख आहे: बारा आणि सात. आकडे तोंडपाठ असून मन जागचे हललेले नाही, ही अवस्था कोणत्याही फारोपेक्षा आपल्या ओळखीची आहे; आणि मला तर असे वाटते की काठिण्य हा जो रोग आहे तो पंगतीबाहेर तिष्ठत राहिलेल्यांना क्वचितच जडतो, पंगतीत वाढपी म्हणून वावरणारांना मात्र तो हटकून गाठतो.

याच शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी पडते त्या चार प्रकारच्या जमिनींपैकी पहिली वाटेवरची आहे. ही जमीन मूळची वाईट नव्हे. बांधाच्या अलीकडची माती आणि पायवाटेची माती एकाच कसाची. अंतर पडते ते इतकेच की पायवाटेवरून माणसे नित्य येजा करतात, आणि त्या येजा करणारांत शेताचा धनी सर्वांत पुढे असतो. मनाचेही असेच होते. जो भाग रोज तुडवला जातो, मग तो नित्याच्या प्रार्थनेने तुडवला जावो की नित्याच्या धंद्याने, तोच कालांतराने इतका घट्ट होतो की वचन त्याच्यावर पडते पण आत जात नाही. आणि सभोवतालचे शेत हिरवेगार डोलत असल्यामुळे धन्याला आपल्या जमिनीबद्दल अभिमानच वाटत राहतो.

फारोकडेदेखील आपण वाटते तितके निरखून पाहिलेले नसते. अरिष्ट आले की तो नरम पडतो, मोशेला बोलावणे धाडतो, आपल्यासाठी देवाकडे रदबदली करण्याची विनंती करतो. बेडूक मेले, जरा उसंत मिळाली, असे दिसताच त्याचे मन पुन्हा ताठ होते. निर्गमाच्या कर्त्याने ही उसंत मुद्दाम टिपून ठेवली आहे. म्हणजे काठिण्याला पोषक हवा संकटाची नसून सुटकेनंतरच्या स्वस्थतेची असते. परमेश्वराने फारोचे मन कठीण केले, हे विधान घडलेली गोष्ट म्हणून प्रथम येते ते सहाव्या, म्हणजे गळवांच्या अरिष्टापाशी; तोपर्यंत जे घडले ते फारोने आपल्या हातांनी घडवले होते. या स्थळावर ऑगस्टीनपासून कॅल्विनपर्यंत थोरामोठ्यांनी वाद घातले आहेत आणि त्यात पडण्याची माझी पात्रता नाही. मात्र वरच्या दरबारातून हुकूम सुटण्यापूर्वी खालून अर्ज गुदरलेला होता, आणि एकदा नव्हे तर वारंवार गुदरलेला होता, एवढे कोणालाही दिसण्यासारखे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळ सात्त्विक माणसे विनाकारण कष्टी होतात. प्रार्थनेत मन रमत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, प्रभुभोजनाच्या वेळीही चित्त भाकरीपेक्षा घरच्या चुलीकडे धावते, एवढ्यावरून आपले हृदय पाषाणाचे झाले असा निष्कर्ष ही माणसे काढतात. ही शुष्कता आहे; काठिण्य नव्हे. शुष्क मनाला आपल्या शुष्कतेचे दुःख असते, आणि ज्याला दुःख होते तो अवयव जिवंत असतो. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना अश्रूंच्या दानाचे मोठे महत्त्व वाटे, तरीही त्यांची शिकवण पश्चिमेकडे आणणाऱ्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आपल्या संवादग्रंथात, आपोआप न येणारे अश्रू बळाने पिळून काढू नयेत, अशी स्पष्ट सूचना एका वृद्ध मठवासीयाच्या मुखी घातली आहे. मला या सूचनेचे मर्म निराळ्याच बाजूने पटते. अश्रू हे मृदुतेचे प्रमाणपत्र नव्हे. माणूस देवापुढे ढळढळा रडत असताना त्याच्या मनाची एक पायवाट दगडासारखी कठीण राहू शकते, आणि याचा तारीखवार लेखी पुरावा एका सुप्रसिद्ध ख्रिस्ती पुरुषाने आपल्यासाठी ठेवला आहे.

हा पुरुष म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता जॉन न्यूटन. त्याची कथा सामान्यतः अशी सांगण्यात येते की तो गुलामांचा व्यापार करणारा एक पाषाणहृदयी खलाशी होता, भर समुद्रात वादळ झाले, त्याने देवाचा धावा केला, मन पालटले, धंदा सोडला आणि गीत लिहिले. कथा इतकी सुबक आहे की ती खोटी असावी अशी शंका यावी. आणि या स्वरूपात ती खोटीच आहे. वादळ झाले १७४८ च्या मार्च महिन्यात, आणि ‘ग्रेहाउंड’ नावाच्या त्या जहाजावर न्यूटनने खरोखरीच देवाचा धावा केला. तो दिवस पुढे तो जन्मभर पाळत असे. पण त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला, आणि १७५० पासून १७५४ पर्यंत ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ व ‘आफ्रिकन’ या जहाजांचा कप्तान होऊन त्याने तीन सफरी केल्या. कप्तानपद त्याला मिळाले ते धर्मांतरापूर्वी नव्हे, नंतर.

या कप्तानाचे आचरण पाहिले तर आजच्या कोणत्याही पाळकाने त्याची पाठ थोपटावी. रविवारी तो खलाशांना जमवून स्वतः उपासना चालवी. शपथा आणि शिवीगाळ त्याने सोडून दिली होती. फावल्या वेळात तो लॅटिन ग्रंथांचे अध्ययन करी. आणि इंग्लंडात राहिलेल्या पत्नीला त्याने लिहिलेली पत्रे, जी त्याने पुढे स्वतः छापवली, इतकी हळुवार आहेत की हा मनुष्य कठोर होता असे म्हणण्यास जीभ धजू नये. मात्र त्याच काळात त्याने ठेवलेला जहाजाचा रोजनामा वाचावा. त्यात गुलाम मेला की त्याच्या नावाऐवजी क्रमांक येतो. १७५२ च्या डिसेंबरात गुलामांनी बंडाचा कट केल्याची कुणकुण त्याला लागली. तेव्हा काही मुलांवर संशय घेऊन त्याने त्यांना बेड्या घातल्या आणि कबुलीजबाबासाठी त्यांचे अंगठे स्क्रूच्या चिमट्यात, त्याच्या मते अगदी थोडे, आवळले. कट वेळीच उघडकीस आला याबद्दल ईश्वरी कृपेचे आभार त्याच नोंदीत मानलेले आहेत. ईश्वराची कृपा आणि अंगठ्याचा चिमटा एकाच हाताने, एकाच शाईने, एकाच दिवसाखाली लिहिले गेले, आणि लिहिणाराच्या हाताला कंप सुटला नाही.

त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते चुकीचे होईल. ढोंगी माणसाला आपले पाप ठाऊक असते. न्यूटनला ते ठाऊक नव्हते. १७६४ साली त्याने पत्ररूप आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्यात तो प्रांजळपणे सांगतो की या धंद्याच्या रास्तपणाविषयी त्या वेळी आपल्या मनात तिळमात्र शंका नव्हती, ती आपल्याला ईश्वराने नेमून दिलेली चाकरी वाटे. एवढेच की आपण तुरुंगाधिकाऱ्यासारखे झालो आहोत हे त्याला अधूनमधून खुपे, साखळदंडांशी नित्य संबंध नसलेली एखादी नोकरी मिळावी अशी प्रार्थनाही तो करी. ही प्रार्थना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीत मागणे आहे ते स्वतःच्या सुटकेचे. तळघरात कोंडलेल्यांच्या सुटकेचा त्यात उल्लेख नाही. मन भिजलेले आहे, पण ओल स्वतःच्या आत्म्याच्या काठापर्यंत येऊन थबकलेली आहे. देवाने मात्र ही अर्धीमुर्धी प्रार्थनाही फेटाळली नाही: १७५४ साली पुढच्या सफरीच्या तोंडावर न्यूटनला अचानक झटका आला, वैद्यांनी समुद्रावर जाण्यास मनाई केली, आणि तो लिव्हरपूल बंदरात परमिट खात्यात नोकरीस लागला.

धंदा सुटला म्हणजे मन सुटले असे होत नाही. परमिटाची नऊ वर्षे, त्यानंतर ऑल्नी या गावी पाळक म्हणून सुमारे सोळा वर्षे, आणि १७८० नंतर लंडनमधले सेंट मेरी वुलनॉथ: एवढ्या अवधीत न्यूटनने असंख्य उपदेश केले, शेकडो गीते लिहिली, आणि स्वतःच्या पापीपणाविषयी तो इतक्या वेळा बोलला की ते बोलणे त्याच्या नावाशी कायमचे निगडित झाले. त्याचे ते जगप्रसिद्ध गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलेले आहे. त्यात पाप आहे, कृपा आहे, आंधळेपणा आहे. जहाज मात्र नाही. सर्वसामान्य पापीपणाची कबुली देणे धार्मिक माणसाला मुळीच जड जात नाही, उलट त्यात त्याला एक प्रकारचे सुखच वाटते; जड जाते ते तपशिलाचे. ‘मी महापापी आहे’ हे वाक्य मंडळीपुढे म्हणून दाखवणारा माणूस घरी आल्यावर गड्याला दोन महिन्यांचा थकलेला पगार देत नाही, असे आपण पाहतोच.

मग हे काठिण्य भंगले कशाने? एकाच घावाने खचितच नव्हे. ऑल्नीत लेस विणून कसाबसा निर्वाह करणाऱ्या दरिद्री बायाबापड्यांत त्याचा रोजचा वावर होता. कवी विल्यम कूपर हा त्याचा शेजारी आणि जिवलग मित्र. १७७३ च्या आरंभी त्याला घोर मानसिक व्याधी जडली, आणि न्यूटनने त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. देवाने आपल्याला टाकले आहे अशी ज्याची बालंबाल खात्री झाली आहे आणि कोणत्याही उपदेशाने जिचा निरास होत नाही, अशा मित्राच्या उशाशी महिनोन् महिने बसल्यावर दुसऱ्याच्या यातनेवर तयार उत्तर न देता ती केवळ सोसण्याची विद्या माणसाला येत असावी, आणि न्यूटनच्या मनाची पायवाट नांगरली गेली ती प्रथम येथेच, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही. पुढे १७८५ च्या डिसेंबरात पार्लमेंटचा तरुण सभासद विल्बरफोर्स त्याला गुपचूप भेटावयास आला आणि पार्लमेंट सोडू नये हा सल्ला घेऊन गेला. क्वेकर पंथीयांनी आणि जॉन वेस्लीने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आवाज कधीच उठवला होता. १७८७ साली लंडनमध्ये त्या व्यापाराच्या उच्चाटनासाठी मंडळही स्थापन झाले. आणि १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी, न्यूटनने त्या व्यापाराविषयीची आपली पुस्तिका छापली.

ती इतक्या उशिरा आली याबद्दल त्याला दोष देणारे देतात, आणि स्वतः न्यूटननेही आपली कबुली फार उशिरा येत असल्याचे त्यात मान्य केले आहे. मला तिच्यात महत्त्वाची वाटते ती तिची भाषा. भक्तिगीतांचा कर्ता येथे मापे सांगतो. जहाजाच्या पोटात गुलामांना ठेवण्याच्या जागेची उंची सुमारे पाच फूट, कधी त्याहून कमी. तीही मधोमध फळी घालून विभागलेली, म्हणजे एका रांगेवर दुसरी रांग. एकाचा हात-पाय दुसऱ्याच्या हाता-पायाशी बेडीने जखडलेला. सकाळी कधी कधी जिवंत आणि मेलेला एकाच बेडीत सापडे. खरेदी केलेल्यांपैकी सरासरीने चौथा हिस्सा वाटेत मरतो, असा त्याचा अंदाज. आणि एका दुय्यम अधिकाऱ्याची हकिगत: रात्री होडीत मुलाच्या रडण्याने झोपमोड होते म्हणून त्याने वर्षभराचे तान्हे आईच्या हातून हिसकावून समुद्रात फेकले, आईला मात्र फेकता आले नाही, कारण तिला बाजारात किंमत होती, आणि तिचा आक्रोश त्याला जहाजापर्यंत ऐकत जावे लागले. पैसा मिळवण्याच्या धंद्यांत अंतःकरणाला इतके कठोर करणारा दुसरा धंदा आपल्या माहितीत नाही, असे न्यूटन लिहितो, आणि हे लिहिताना तो खलाशांविषयी बोलत असला तरी स्वतःला वगळत नाही. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली, तीही याच स्वरूपाची. १८०७ च्या मार्चमध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात या रोगावर जो उपाय सांगितला आहे, तो या हकिगतीच्या प्रकाशात वाचला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानी येते. कोणाचेही मन कठीण होऊ नये म्हणून एकमेकांना रोजच्या रोज बोध करा, असे तो पत्रकर्ता म्हणतो. एकांतात आत्मपरीक्षण करा, असे तो तेथे म्हणत नाही. कठीण झालेल्या मनाने केलेले आत्मपरीक्षण हे गुन्हेगारानेच स्वतःच्या गुन्ह्याचा पंचनामा करण्यासारखे आहे. तेथे दुसऱ्याचा डोळा हवा, आणि तो डोळा पुष्कळदा आपल्या पंथाबाहेरच्या, आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचा असतो. कृपा वरून येते हा सिद्धांत मी मानतो. पण ती उतरते ती बहुधा कोणाच्या तरी अप्रिय बोलण्यावाटे, हेही मला नाकारता येत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात याची एक उलट्या दिशेची साक्ष आहे, आणि ती ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची. वडिलांच्या पराकाष्ठेच्या सोवळ्यात वाढलेल्या या बाईला, १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर, काही वर्षे विभक्त राहावे लागले. नंतर त्या नवऱ्याजवळ राहू लागल्या तरी चूल निराळीच. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हा विचार एकदा मनात उतरला, आणि तो उतरताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. न्यूटनचे मन देवाकडे आधी वळले आणि तळघराकडे चाळीस वर्षांनी. लक्ष्मीबाईंचे मन आधी शेजाऱ्याच्या पाण्याच्या भांड्याशी विरघळले आणि वेदीपाशी मागाहून आले. यांपैकी कोणता क्रम शास्त्रशुद्ध, हे ईश्वरविज्ञानाचे पंडित ठरवोत. मला दुसरा अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात फसवणुकीला जागा कमी आहे.

आपल्याकडील ख्रिस्ती समाजात अशा न नांगरलेल्या वाटा उरल्या नाहीत असे नाही. गोव्यात चारशे वर्षांच्या उपासनेनंतरही काही चर्चांतील कॉन्फ्रारी, म्हणजे भाविकांच्या बंधुसंस्था, जातवार राहिल्या, आणि महाराष्ट्रात विवाह जुळवताना बाप्तिस्म्यापूर्वीची जात विचारण्याची रीत कोणत्याही मंडळीला अपरिचित नाही. तसे विचारणारी माणसे दुष्ट नसतात. ती उपासनेला नियमाने येतात, गुड फ्रायडेला त्यांचे डोळे पाणावतात, आणि न्यूटनचे गीत ती मनापासून गातात. त्या गीताबरोबर त्याची १७८८ ची पुस्तिकाही मराठीत आणावी आणि उपवासकाळातल्या एखाद्या रविवारी उपदेशाच्या जागी वाचावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. ती एका बैठकीत संपणार नाही, तिला चाल लावता येणार नाही, आणि फुटांचे नि बेड्यांचे ते हिशेब चालू असताना पुढच्या बाकांवरील काही प्रतिष्ठित मंडळी घड्याळाकडे पाहू लागतील. तरी वाचणाराने ती मध्येच आवरती घेऊ नये.